पांढऱ्या वाघाच्या मुलखात पाच दिवस: रीवा ते संजय-दुबरी

बाबांच्या तिकिटांच्या वहीत १९८७ सालची दोन तिकिटं शेजारीशेजारी आहेत. एक पांढऱ्या वाघाचं, एक हिमबिबट्याचं. सगळी नोकरी पोस्टात काढलेल्या माणसाची वही ती. तिला कोणी हात लावलेला त्यांना खपत नाही, पण सात वर्षांच्या नातवापुढे नियम चालत नाहीत. माझ्या भाच्याने दोन्ही तिकिटं नीट पाहिली आणि चित्रकलेच्या वहीत पांढरा वाघ काढला. मागे बर्फ, खाली बर्फ, मिशांवरही बर्फ.

"अरे, हा बर्फातला नाही. हा रीव्याचा," बाबा म्हणाले.

"रीवा हिमालयात आहे?"

"मध्य प्रदेशात. उन्हाळ्यात चांगलं भाजून निघतं तिथे."

"मग तो पांढरा कशाला?"

यावर बाबा गप्प. मीही गप्प. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही दोघं निघालो ते या प्रश्नापायी. भाच्याची परीक्षा होती म्हणून त्याला नेलं नाही, आणि ते त्याने अजून माफ केलेलं नाही.

पहिला दिवस: नाशिकरोड ते रीवा

पहाटे महानगरी पकडली, संध्याकाळी सतन्याला उतरलो. इटारसीला पुरीभाजी, मग जबलपूर येईपर्यंत बाबांची झोप. सतन्याहून रीवा पन्नासेक किलोमीटर, टॅक्सीने तास-दीड तास. थेट रीव्याला जाणाऱ्या गाड्याही आहेत, पण त्या रोज नसतात. २०२४ पासून रीव्याला विमानतळही झाला आहे. आमच्यासारखे पाय मोकळे करत, चहा पीत जाणारे असाल तर महानगरी बरी.

उतरलो एका निवृत्त शिक्षकांच्या घरी, वरच्या मजल्यावरच्या खोलीत. घरच्या बाईंनी पहिल्या पाच मिनिटांत बाबांना 'बाबूजी' आणि मला 'बिटिया' करून टाकलं.

दुसरा दिवस: ठरवलं एक, झालं गोविंदगढ

सकाळी तयार होऊन मुकुंदपूरची व्हाइट टायगर सफारी गाठायला निघणार, तेवढ्यात बाईंनी खालून विचारलं, "आज तो बंद रहता है न?" साप्ताहिक सुट्टी! पाच दिवसांचा तक्ता मी रंगीत पेनांनी आखला होता आणि हीच एक गोष्ट पाहिली नव्हती. बाबा काही बोलले नाहीत, फक्त तो तक्ता घडी करून खिशात ठेवला आणि पुढचे चार दिवस बाहेर काढला नाही. तर पहिली सूचना हीच: मुकुंदपूरला आठवड्यातून एक दिवस सुट्टी असते, निघण्याआधी फोन करा.

पण ही चूक पथ्यावर पडली. आधी सफारी पाहिली असती तर पांढरा वाघ म्हणजे जाळीमागचा वाघ असंच डोक्यात बसलं असतं. गोविंदगढ आधी पाहिल्यामुळे गोष्ट सुरुवातीपासून कळली.

गोविंदगढ रीव्यापासून वीसेक किलोमीटरवर. मोठा तलाव, मागे कैमूरची रांग, काठावर रीव्याच्या बघेल राजांचा जुना महाल. आम्ही त्याच्या फार आत गेलो नाही. पडझड दिसत होती, कुठे दुरुस्ती, कुठे नुसतीच बाभळ. बाहेर चहाच्या टपरीवर एक म्हातारेबुवा बसले होते. बाबांनी विचारलं, "मोहन कुठे राहायचा?" त्यांनी हातातला कप खाली ठेवला आणि भिंतीकडे बोट केलं. जणू शेजारचा कोणी गेल्याच वर्षी गाव सोडून गेला होता.

हा मोहन म्हणजे आज जगभरच्या प्राणिसंग्रहालयांतल्या बहुतेक सगळ्या पांढऱ्या वाघांचा मूळपुरुष. २७ मे १९५१ रोजी सीधी जिल्ह्यातल्या बरगडी नावाच्या जंगलात तो सापडला. रीव्याचे महाराज मार्तंडसिंह शिकारीवर होते, पाहुणे म्हणून जोधपूरचे अजितसिंह. एक वाघीण आणि तिचे चार बछडे, नऊएक महिन्यांचे. त्यातला एक पांढरा. बाकी सगळे गोळीला बळी पडले, पांढरा तेवढा वाचला. रंगामुळे वाचला आणि रंगामुळेच जन्मभर कोंडला गेला. त्याला गोविंदगढला आणलं, नाव ठेवलं मोहन. या घराण्याच्या हाती लागलेला हा पहिला पांढरा वाघ नव्हे. १९१५ सालीही एक पकडून इथेच काही वर्षं ठेवला होता. तो मेल्यावर पेंढा भरून इंग्लंडच्या राजाला नजर केला. त्याचा वंश राहिला नाही.

म्हाताऱ्याने सांगितलं, मोहन रविवारी मांसाला तोंड लावत नसे, फक्त दूध पीत असे. महाराज त्याच्याशी चेंडू खेळत. रीव्यात ज्याला विचाराल तो हे सांगतो. खरंखोटं मी ठरवणार नाही. रविवारी त्याला दूधच ठेवलं जात असेल तर बिचारा दुसरं काय करणार, असं मात्र मनात आलं. म्हाताऱ्यापुढे बोलले नाही.

पुढची हकीकत नोंदलेली आहे. मोहनचा जोडा बेगम नावाच्या साध्या पिवळ्या वाघिणीशी लावला. दहा पिल्लं झाली, दहाही पिवळी. मग त्याचा जोडा त्याच्याच मुलीशी, राधाशी लावला. १९५८ साली चार पिल्लं झाली आणि चारही पांढरी: राजा, राणी, मोहिनी आणि सुकेशी. त्यातली मोहिनी डिसेंबर १९६० मध्ये अमेरिकेला गेली, व्हाइट हाउसच्या हिरवळीवर राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरांना सादर झाली.

मुलीशीच? मी विचारलं तेव्हा बाबा तलावाच्या पायरीवर बसले होते. त्यांनी ते पोस्टाच्या भाषेत समजावलं आणि मला वाटतं, माझ्या बारावीच्या बाईंपेक्षा बरं समजावलं. "हे बघ, पांढरेपणाचं पत्र दोन तुकड्यांत येतं. अर्धं आईकडून, अर्धं बापाकडून. दोन्ही तुकडे मिळाले तरच वाचता येतं. एकच आला तर वाघ पिवळाच, पण तो तुकडा त्याच्या पिशवीत राहतो आणि पुढे पोचता होतो. राधाच्या पिशवीत मोहनचा तुकडा होता." थोडं थांबून म्हणाले, "पण पत्ता जुळवायला घरच्याच माणसांत टपाल फिरवलं. ते काही बरं नाही."

तलावावर दुपारी वारा सुटला. जवळच्या बागांत आंब्याला कैऱ्या धरल्या होत्या. इथला सुंदरजा आंबा प्रसिद्ध आहे, २०२३ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. म्हातारेबुवा म्हणाले, जूनमध्ये या. रत्नागिरीशी तुलना करायची बाबांना फार हौस होती, मी त्यांचा हात धरून उठवलं.

रात्री जेवायला रिकवछ. ताटात पाहिलं तर चक्क अळूवडी! अळूच्या पानाला डाळीचं वाटण लावून वळकटी, वाफवून, कापून, तळून. बाबा म्हणाले, "यात चिंचगूळ कमी आहे." बाई म्हणाल्या, "बाबूजी, इसमें गुड़ कौन डालता है?" यावर अर्धा तास. शेवटी इंद्रहार आला आणि मिटलं. डाळींचं वाटण वाफवायचं, वड्या पाडून तळायच्या आणि कढीत सोडायच्या. आपल्याकडे वड्यांची कढी असते, पण ही त्या कढीची श्रीमंत बहीण. रीव्याच्या हॉटेलांत हे पदार्थ सहसा मिळत नाहीत. घरगुती ठिकाणी उतरा आणि आदल्या दिवशी सांगून ठेवा.

तिसरा दिवस: मुकुंदपूर

रीव्याहून अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर. ३ एप्रिल २०१६ ला हे सुरू झालं, मार्तंडसिंहांच्या नावाने. गोविंदगढचा शेवटचा पांढरा वाघ १९७६ साली गेला. त्यानंतर चाळीसेक वर्षं ज्या मुलखाच्या वाघांनी जगभर तिकिटं विकली, त्या मुलखातच एकही नव्हता. हे रीव्याच्या लोकांना लागलेलं होतं. टॅक्सीवाल्याने मला ते असं सांगितलं, जणू सासरी दिलेली मुलगी चाळीस वर्षांनी माहेरी आली.

पंचवीस हेक्टरचं कुंपण, त्यात जाळी लावलेल्या गाडीतून फिरवतात. ऊन सकाळी दहालाच चढलं होतं. दुसऱ्या वळणावर, झाडाच्या सावलीत, पाण्याच्या टाकीजवळ तो पडलेला होता.

पहिली गोष्ट: तो पांढरा नसतो. पांढरा असं आपण म्हणतो. रंग दुधावरच्या सायीचा, आणि पट्टे काळपट-तपकिरी. नाक गुलाबी, डोळे निळे. गाडीतला एक चारपाच वर्षांचा मुलगा आईला म्हणाला, "मम्मी, इसको गर्मी नहीं लगती? बरफ में रहता है ना?"

बाबांना झालेला आनंद मी शब्दांत सांगू शकत नाही. आपला नातू एकटा नाही, खुद्द रीव्यातही तेच! वनरक्षकाने न वळता उत्तर दिलं, "बेटा, ये यहीं का है."

पट्टे शाबूत आहेत म्हणजेच हा रंगद्रव्य अजिबात नसलेला प्राणी नव्हे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात एसएलसी४५ए२ या जनुकातला एक बारीकसा बदल सापडला. त्याने फक्त तांबूस-पिवळा रंग अडतो, काळा तसाच राहतो. म्हणजे ही वेगळी जात नाही, पोटजात नाही. साधा बंगाली वाघच, रंगाचा एक डबा रिकामा असलेला. सायबेरियाशी, बर्फाशी काही नातं नाही.

दुसरी फेरी संपता संपता तो उठला आणि थेट गाडीकडे पाहिलं. पाहिलं असं वाटलं, कारण डोळे थोडे तिरळे असावेत. पुष्कळ पांढऱ्या वाघांमध्ये हा दोष असतो, डोळ्यांपासून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूंची जोडणीच वेगळी होते. नात्यात संकर करून करून इतर व्यंगंही आली. अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांच्या संघटनेने २०११ साली आपल्या सदस्यांना पांढऱ्या वाघांची पैदास थांबवायलाच सांगितलं.

माझं मत विचाराल तर: पाहून आनंद झाला, खोटं कशाला बोलू. जनावर देखणं आहे. पण याला पाहून वाघ वाचवल्याचं समाधान वाटू देऊ नये. कुंपणातले पांढरे वाघ वाढल्याने जंगलात एकही वाघ वाढत नाही. बाबा म्हणाले, "हे चुकून उलटं छापलेल्या तिकिटासारखं आहे. छापखान्यात चुकून आलं तर अमोल. मुद्दाम छापत बसलं तर काय उरलं?"

संध्याकाळी रीव्याच्या बाजारात सुपारीची खेळणी घेतली. हे इथलं खास काम आहे, सुपारी कातून, चिकटवून केलेल्या मूर्ती. बाबांनी गणपती घेतला. दुकानदाराने बजावलं, दमट हवेत ठेवू नका. मुंबईकरांनी विचार करून घ्यावा.

चौथा दिवस: बोगद्यापलीकडे

रीव्याहून सीधीला जाताना पूर्वी छुहिया घाटाची वळणं होती. २०२२ च्या डिसेंबरात मोहनिया बोगदा उघडला, आता डोंगर पोटातूनच पार होतो. सीधीत जेवलो, सोन नदी ओलांडली, आणि संजय-दुबरीच्या जंगलाजवळ, परसिलीला बनास नदीकाठी मुक्कामाला पोचलो. शेवटच्या टप्प्यात फोनची रेंज येते-जाते. रोख पैसे सीधीतच काढून ठेवा.

बनास उन्हाळ्याआधीच रोडावलेली. वाळू मात्र केवढी! संध्याकाळी पाण्यात पाय सोडून बसलो. पलीकडे सालाचं जंगल. ताडोबा मी दोनदा पाहिलंय, मार्चअखेर सागाचं रान उघडंबोडकं होतं, पायाखाली कुरकुर वाजतं. इथे साल पानं टाकतो आणि लगोलग नवी धरतो. त्यामुळे वणव्याच्या दिवसांतही वरून पोपटी, आणि फिकट फुलोरा सगळीकडे. मध्येच बांबू, मोह, तेंदू. पांढऱ्या वाघाचं नैसर्गिक घर म्हणजे हे. थंडीत कडाक्याची थंडी, पण बर्फाचा कणही नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाकडे.

खानसामा गप्पिष्ट होता. रात्री लांबून रेल्वेचा भोंगा ऐकू आला, तसा तो थबकला. कटनी-सिंगरौली मार्ग या जंगलातून जातो. मार्च २०२२ मध्ये टी-१८ नावाची वाघीण रेल्वेच्या धडकेने मेली, मागे लहान बछडे. वाचतील असं कोणाला वाटत नव्हतं. तिची बहीण टी-२८, जिला स्वतःची पिल्लं होती, तिने मावशीपण निभावलं आणि बहिणीच्या बछड्यांनाही शिकारीला नेऊ लागली. "मौसी" म्हणताना खानसाम्याचा आवाज एकदम घरगुती झाला. इथे येईपर्यंत मी रंगाच्या मागे होते. या पिवळ्या मावशीची गोष्ट नाशकात आमच्या कानावरही आली नव्हती.

पाचवा दिवस: बरगडीकडे

पहाटे साडेपाचला जिप्सी. मार्च असला तरी उघड्या गाडीत कुडकुडायला होतं, स्वेटर हवाच. आरक्षण मध्य प्रदेश वनविभागाच्या संकेतस्थळावर होतं, ज्या ओळखपत्रावर केलं त्याची मूळ प्रत जवळ ठेवा. बुधवारी दुपारची फेरी नसते. जुलै ते सप्टेंबर जंगल बंद.

आत शिरताच मोहाचा वास. गोड, थोडा आंबूस, घशात बसणारा. गावांजवळ बाया अंधारातच टोपल्या घेऊन आलेल्या. मोह रात्रभर टपकतो, सकाळी वेचायचा. झाडाखालचा पाचोळा जाळून जागा साफ करतात, आणि त्यातून कधीकधी वणवा लागतो. एका आजींनी माझ्या ओंजळीत फुलं ओतली. बाबांनी त्यातली चार शर्टाच्या खिशात टाकली. आदल्या रात्री खानसाम्याने भाजलेला मोह आणि तीळ कुटून केलेला लाटा खायला घातला होता, तेव्हापासून ते मोहाच्या प्रेमात होते.

संजय-दुबरी व्याघ्र प्रकल्प मोठा आहे, गाभा आणि भोवतालचा पट्टा धरून १,६७४ चौरस किलोमीटर. गाड्या मात्र मोजक्या. कान्हा-बांधवगडसारखी वाघामागे वीस जिप्सींची रांग इथे नाही. वाघ दिसेलच याची खात्रीही नाही. ज्यांना हमखास दर्शन हवं त्यांनी इथे येऊ नये, हे मी प्रेमाने सांगते.

चितळ दिसले, नीलगाय दिसली, मोहाखाली अस्वलाची ताजी विष्ठा दिसली. मी गाइडला म्हटलं, बरगडीकडची बाजू दाखवा. त्याने टेकाडावर गाडी थांबवून हात केला. साल, बांबू, एक कोरडा नाला, उन्हाची तिरीप. इथून निराळं असं काहीच नाही. बाबा जरा वेळ पाहत राहिले. "म्हणजे पांढऱ्यासाठी खास जंगल असं नव्हतंच?"

"सफेदवाले का अलग जंगल थोड़े होता है, बाबूजी. पीलेवाले के घर में ही पैदा होता था."

भाच्याच्या प्रश्नाचं सगळ्यात नेमकं उत्तर मला इथे मिळालं. तो पांढरा कशासाठी? कशासाठीच नाही. बर्फात लपायला नाही, कशात लपायलाही नाही. दोन पिवळ्या वाघांच्या पिशवीतले दोन तुकडे एका पिल्लात एकत्र आले, एवढंच. रीवा, ओडिशा, बिहार, आसाम, जिथे जिथे असे वाघ नोंदले गेले, ते बहुतेक मारले गेल्यावर नोंदले गेले. पण त्यात पूर्ण वाढलेलेही होते, म्हणजे पांढऱ्या अंगानेही रानात पोट भरत होतं. जंगलातला शेवटचा म्हणून ओळखला जाणारा पांढरा वाघ १९५८ साली हजारीबागच्या बाजूला बंदुकीला बळी पडला. गंमत बघा, त्याच साली गोविंदगढच्या भिंतीआड चार पांढरी पिल्लं जन्मली.

परतताना वाळूच्या पट्ट्यावर ठसे. गाइड खाली वाकला. "मादी. रात की." चार बोटं, मागची गादी, कडा अजून ढासळलेल्या नव्हत्या. बाबांनी चष्मा पुसून पाहिलं, मग हळूच मला म्हणाले, "रंग नाही कळत हं यावरून." आम्ही वीस मिनिटं थांबलो. एक भेकर भुंकलं, दोनदा. मग काही नाही. वाघ दिसला नाही. दुपारी सीधीमार्गे सतना, रात्री परतीची गाडी.

घरी आल्यावर भाच्याने दारातच विचारलं, "बर्फ होता?" बाबांनी पुरावा म्हणून खिशात हात घातला. चार फुलांचा चिकट, तपकिरी लगदा झाला होता आणि नव्या शर्टाला डाग. त्याने तो हुंगला, नाक मुरडलं, आणि आपलं चित्र आणून बाबांपुढे ठेवलं. आजोबा-नातू त्या बर्फावर तपकिरी खडू घासत बसले. मेणाच्या खडूवर दुसरा रंग नीट चढत नाही. त्यामुळे सीधीच्या जंगलात अजून जागोजागी बर्फ दिसतो.